शाफ्ट, बेअरिंग आणि फिटरचा हात : लहान इंजिनांच्या पुनर्बांधणीतील एका कौशल्याचा इतिहास

प्रस्तावना

पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीच्या इतिहासात मोट, विहीर, कालवा आणि सहकारी साखर कारखाना या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. त्या मानाने विहिरीच्या काठावर, गुऱ्हाळात आणि पिठाच्या गिरणीत वर्षानुवर्षे चालत राहिलेल्या तेल-इंजिनाची नोंद बहुधा त्याच्या अश्वशक्तीपुरती व किमतीपुरतीच घेतली जाते. हे इंजिन एकदा विकत घेतले म्हणजे त्याची कथा संपली, असा या नोंदींचा गर्भितार्थ असतो. प्रत्यक्षात इंजिनाचे आयुष्य तेथून सुरू होते. काही हंगामांनी त्याचे शाफ्ट झिजतात, बेअरिंगे ढिली होतात, ठोका येऊ लागतो आणि ते पूर्ण उघडून पुन्हा बांधावे लागते. या पुनर्बांधणीतील सर्वांत नाजूक काम म्हणजे शाफ्ट व बेअरिंग योग्य रीतीने बसविणे. पाण्याच्या पाळीच्या दिवसांत हे काम चुकले तर उभे पीक वाळण्याची भीती असे. त्यामुळे हा प्रश्न केवळ यंत्रशाळेपुरता मर्यादित नव्हता.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या ऐवजी वापराच्या आणि दुरुस्तीच्या बाजूने लिहिण्याची गरज प्रतिपादन केली आहे. त्याच दृष्टीने प्रस्तुत लेखात बेअरिंग व शाफ्ट बसविण्याच्या कौशल्याचा १८३९ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा आढावा घेतला आहे. बेअरिंगचा प्रकार बदलला की 'योग्य बसविणे' या शब्दांचा अर्थही बदलत गेला, आणि एका पिढीच्या फिटरचा गुण दुसऱ्या पिढीच्या बेअरिंगसाठी दोष ठरला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

समस्येचे स्वरूप

मराठी विश्वकोशाने बेअरिंगसाठी 'धारवा' हा शब्द योजला आहे. तो अर्थवाहक आहे. फिरणाऱ्या दंडाला धारण करणे आणि तरीही त्याला मोकळेपणाने फिरू देणे, ही दोन परस्परविरोधी कामे बेअरिंगला एकाच वेळी करावी लागतात. दुरुस्तीच्या दुकानांत मात्र 'बेअरिंग' आणि 'बुश' हेच शब्द रुळले आहेत. इंजिनात हे काम आणखी अवघड होते, कारण तेथील भार एकसारखा नसतो. मिनिटाला ६०० फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक एक-सिलिंडर इंजिनात मिनिटाला ३०० वेळा स्फोट होतो. म्हणजेच तासाला १८,००० वेळा पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामार्फत क्रँकशाफ्टवर आघात होतो. बेअरिंग घट्ट असेल तर तेलाला जागा उरत नाही, ते तापते आणि शाफ्ट जाम होतो. ते ढिले असेल तर प्रत्येक आघाताबरोबर शाफ्ट आदळतो, तेलाचा थर तुटतो आणि ढिलाई वाढत जाते.

साध्या बेअरिंगमध्ये ठेवावयाच्या मोकळ्या जागेविषयी यंत्रशाळांत एक ढोबळ नियम दीर्घकाळ प्रचलित आहे : शाफ्टच्या व्यासाच्या प्रत्येक इंचामागे इंचाचा एक हजारावा भाग, म्हणजे एक 'थाऊ'. दोन इंच व्यासाच्या शाफ्टला या हिशेबाने दोन थाऊ, अर्थात सुमारे ०.०५ मिलिमीटर इतकीच जागा मिळते. माणसाच्या केसाची जाडी साधारण इतकी किंवा याहून थोडी अधिक असते. हे अंतर डोळ्यांनी दिसत नाही. ते अचूक साधण्याचे मार्ग कसे बदलत गेले, हाच या कौशल्याचा इतिहास होय.

व्हाइट मेटल आणि खरवडण्याची कला

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या टाँटन गावातील आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये बेअरिंगला मऊ मिश्रधातूचे अस्तर देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या मिश्रधातूत कथिलाचा अंश सर्वाधिक असून त्यात अँटिमनी व तांबे मिसळलेले असते. भारतीय यंत्रशाळांत तो 'व्हाइट मेटल' या नावाने ओळखला जातो. त्याचा उपयोग त्याच्या मऊपणात आहे. तेलाबरोबर आलेला कचरा तो स्वतःत रुतवून घेतो आणि शाफ्टला ओरखडा पडू देत नाही. तेल कमी पडलेच तर तो आधी वितळतो, शाफ्ट वाचतो. स्वस्त भागाने स्वतः झिजून महाग भागाचे रक्षण करावे, हे तत्त्व त्यामागे आहे.

व्हाइट मेटलचे बेअरिंग दुरुस्तीच्या जागीच तयार करता येई. जुने अस्तर वितळवून काढावयाचे, कवच स्वच्छ करून त्यावर कल्हईचा पातळ थर चढवावयाचा, कवच गरम ठेवून मध्यभागी शाफ्टच्या मापाहून किंचित बारीक दांडा उभा करावयाचा आणि भोवतीच्या पोकळीत नवा धातू ओतावयाचा, अशी ही रीत होती. त्यानंतर खरे कौशल्य सुरू होई. शाफ्टला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन तो बेअरिंगमध्ये ठेवून फिरवीत. जेथे निळा डाग उमटे तो उंचवटा समजून स्क्रेपरने खरवडीत. पुन्हा रंग, पुन्हा फिरविणे, पुन्हा खरवडणे, असे डाग सर्वत्र सारखे उमटेपर्यंत चाले.

रंग लावून उंचवटे शोधण्याच्या व खरवडण्याच्या या पद्धतीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय जोसेफ व्हिटवर्थ याला दिले जाते. १८४० मध्ये ग्लासगो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने धातूचे सपाट पृष्ठभाग तयार करण्याविषयी निबंध वाचला. दोन पृष्ठभाग घर्षक चूर्णाने एकमेकांवर घासण्याऐवजी ते खरवडून जुळवावेत, असा त्याचा आग्रह होता. ब्रिटिश यंत्रशाळांतून ही परंपरा रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या कारखान्यांमार्फत हिंदुस्थानात आली आणि फिटर या व्यवसायाची ती ओळख बनली.

तथापि, बेअरिंगमध्ये प्रत्यक्ष काय घडते, याचे आकलन या कलेच्या मागाहून आले. १८८३ मध्ये बोशँप टॉवर याने इंग्लंडच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी केलेल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाफ्टवर भार देणाऱ्या वरच्या अर्ध्या बेअरिंगला त्याने माथ्यावर तेलासाठी छिद्र पाडले असता तेल आत जाण्याऐवजी छिद्रातून वर येऊ लागले. छिद्रात ठोकलेले बूचही बाहेर ढकलले गेले. तेथे दाबमापक जोडला तेव्हा तो बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब दाखवू लागला. शाफ्ट धातूवर टेकलेला नसून स्वतःच्या फिरण्याने ओढून घेतलेल्या तेलाच्या थरावर तरंगत असतो, हे यावरून स्पष्ट झाले. ऑस्बर्न रेनॉल्ड्झ याने १८८६ मध्ये त्याची गणिती उपपत्ती मांडली.

या शोधाचा फिटरच्या कामाशी थेट संबंध आहे. तेलाचे छिद्र किंवा खाच भार पडणाऱ्या जागी कोरली तर तेथील दाब निसटतो आणि तेलाचा थर मोडतो. म्हणून तेलाचा प्रवेश भार नसलेल्या बाजूने असावा लागतो. 'खाचा जितक्या अधिक तितके वंगण अधिक' ही समजूत पटण्याजोगी दिसत असली तरी ती बेअरिंगचे आयुष्य कमी करणारी होती.

डर्सलीचे इंजिन आणि मराठी मुलूख

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील डर्सली येथे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या आर. ए. लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एक-सिलिंडर उभे डिझेल इंजिन बाजारात आणले. त्यातील '५-१' हे ५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चाले. पुढे आलेले '६-१' हे ६ अश्वशक्तीचे इंजिन ६५० फेऱ्यांवर चाले. साडेचार इंच व्यासाचा सिलिंडर, साडेपाच इंचांचा स्ट्रोक, दोन जड फ्लायव्हील आणि मंद गती यांमुळे हे इंजिन अत्यंत टिकाऊ ठरले. मूळ कंपनीने या मालिकेचे उत्पादन १९८७ मध्ये थांबविले, परंतु त्याच बांधणीची इंजिने राजकोट येथील कारखान्यांत पुढेही तयार होत राहिली.

महाराष्ट्रात याच काळात स्वतंत्र उद्योग उभा राहत होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा पाया घातला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून कार्यरत झाला आणि पुढे तो इंजिनांसाठी ओळखला जाऊ लागला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. कोल्हापुरात गुऱ्हाळे आणि पाणी उपसण्याचे पंप यांसाठी लागणाऱ्या इंजिनांच्या दुरुस्तीतून यंत्रशाळा वाढल्या आणि सुट्या भागांच्या मागणीतून ओतशाळा उभ्या राहिल्या. येथे दुरुस्ती आधी आणि उत्पादन नंतर, असा क्रम दिसतो. तंत्रज्ञान कारखान्यातून गावाकडे एकाच दिशेने जाते, ही समजूत त्यामुळे तपासून पाहावी लागते.

डर्सलीच्या बांधणीची इंजिने ग्रामीण दुरुस्तीला अनुकूल होती. क्रँककेसच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसविलेल्या स्वतंत्र घरांत मेन बेअरिंगचे बुश असत. घर आणि क्रँककेस यांमध्ये घातलेल्या पातळ पॅकिंगच्या संख्येवरून शाफ्टचा आडवा खेळ, म्हणजे लांबीच्या दिशेने सरकण्याची मुभा, ठरे. बिग एंड बेअरिंगच्या दोन अर्धकांमध्येही पातळ पत्र्याचे शिम असत. बेअरिंग थोडे झिजले की एखादा शिम काढून दोन्ही अर्धके जवळ आणीत आणि आवश्यक तेवढे खरवडून पुन्हा बसवीत. बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळावयाचे आणि प्रत्येक टप्प्यानंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहावयाचा, हा नियम होता. कोठेही अडखळला तर पुढे आवळावयाचे नाही.

निदानातही सावधगिरी लागे. फ्लायव्हील शाफ्टवर पाचरीसारख्या चावीने धरलेले असते. ती चावी ढिली झाली तर येणारा ठोका बेअरिंगच्या ठोक्यासारखाच ऐकू येतो. चावी न तपासता इंजिन उघडणारा कारागीर चांगले बेअरिंग काढून टाकी आणि नवे बसवूनही ठोका कायम राही. यात शेतकऱ्याचे पैसे आणि पाण्याचे दिवस दोन्ही वाया जात.

शाफ्टचे दुखणे

बेअरिंग कितीही चांगले बसविले तरी शाफ्ट सदोष असेल तर ते श्रम व्यर्थ जातात. स्फोटाचा आघात क्रँकपिनच्या ठरावीक बाजूवरच येत असल्याने ती सर्वत्र सारखी झिजत नाही आणि हळूहळू अंडाकृती होते. एकाच ठिकाणी मोजलेला व्यास म्हणूनच फसवा असतो. पिनच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी, परस्परांशी काटकोनात मापे घेतल्याशिवाय तिचा खरा आकार कळत नाही. अंडाकृती पिनवर गोल बेअरिंग बसविले तर एका दिशेला ते घट्ट आणि दुसऱ्या दिशेला ढिले राहते. खरवडण्याच्या कलेला हा दोष दूर करता येत नाही.

त्यावरील उपाय म्हणजे शाफ्ट ग्राइंड करून गोल करणे आणि कमी झालेल्या व्यासाला साजेसे बेअरिंग बसविणे. अमेरिकेत चार्ल्स नॉर्टन याने विसाव्या शतकाच्या आरंभी क्रँकशाफ्ट ग्राइंड करण्याची भक्कम यंत्रे विकसित केली आणि हे काम वेगाने व अचूकपणे होऊ लागले. पुढे १०, २० आणि ३० थाऊ अशा ठरावीक पायऱ्यांनी कमी मापाची बेअरिंगे बाजारात मिळू लागली. मेट्रिक इंजिनांसाठी या पायऱ्या पाव मिलिमीटरच्या असतात.

ग्राइंडिंग करताना एक जुना धडा विसरून चालत नाही. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या रेल्वेगाडीच्या एंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. आस अनपेक्षितपणे का तुटतात, याचा अभ्यास करून विल्यम रँकिन याने १८४३ मध्ये असे दाखविले की, जाड भाग जेथे एकदम बारीक होतो त्या धारदार कोपऱ्यात तडा सुरू होतो आणि तो हळूहळू आत सरकतो. त्या जागी गोलाई ठेवावी, असा त्याचा निष्कर्ष होता. क्रँकपिन आणि तिच्या बाजूची भिंत यांमधील गोलाई याच कारणासाठी असते. ती ग्राइंडिंगमध्ये नाहीशी झाली तर मापात अचूक असलेला शाफ्टही काही महिन्यांत तुटू शकतो. उलटपक्षी, गोलाई ठेवली पण बेअरिंगची कड तिच्यावर टेकली, तर बेअरिंग चेपते. शाफ्ट व बेअरिंग यांची मापे एकत्रच विचारात घ्यावी लागतात, ती यासाठी.

गोळी आणि रोलर : दाब कोणत्या कडीवर?

घासण्याऐवजी लोळणाऱ्या बेअरिंगची कल्पना जुनी आहे. वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ मध्ये गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले होते. परंतु सर्व गोळ्या एकाच मापाच्या व अचूक गोल असल्याशिवाय भार सर्वांवर सारखा पडत नाही. ही अडचण जर्मनीच्या श्वाइनफुर्ट येथील फ्रीड्रिख फिशर याच्या १८८३ मधील गोळ्या घासण्याच्या यंत्राने दूर केली. १८९८ मध्ये अमेरिकेतील गाडी-उत्पादक हेन्री टिमकेन याने निमुळत्या रोलर बेअरिंगचे पेटंट मिळविले. १९०७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग येथील स्वेन विंगक्विस्ट याने स्वयं-संरेखित होणारे गोळ्यांचे बेअरिंग तयार केले.

विंगक्विस्टचे उदाहरण या विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. तो एका कापड गिरणीत यंत्रांच्या देखभालीचे काम पाहत असे. गिरणीखालील चिकण जमीन खचत असल्याने लांब शाफ्ट सरळ रेषेत राहत नसत आणि बेअरिंगे वारंवार निकामी होत. बेअरिंगच्या इतिहासातील एक महत्त्वाचा शोध अशा रीतीने दुरुस्तीच्या रोजच्या त्रासातून जन्माला आला.

गोळ्यांचे बेअरिंग कारखान्यातूनच तयार होऊन येते. त्यात खरवडण्याजोगे काहीच नसते. फिटरच्या हाती उरते ते फक्त बसविणे, आणि नेमके तेथेच नव्या चुकांना वाव मिळतो. बेअरिंगला आतली व बाहेरची अशा दोन कड्या असतात. शाफ्टवर घट्ट बसवावयाचे असेल तर दाब आतल्या कडीवर आणि घरात बसवावयाचे असेल तर बाहेरच्या कडीवर द्यावा लागतो. चुकीच्या कडीवर दाब दिला तर तो गोळ्यांमधून पलीकडे जातो आणि गोळ्या कठीण पोलादाच्या मार्गिकेत बारीक खळगे पाडतात. कठीण गोळी धातूवर दाबून उमटणाऱ्या खळग्यावरून कठीणपणा मोजण्याची पद्धत स्वीडिश अभियंता योहान ब्रिनेल याने १९०० मध्ये प्रसिद्ध केली होती. बेअरिंगमधील या दोषाला त्याच्याच नावावरून 'ब्रिनेलिंग' म्हणतात. हातोड्याच्या एका घावात नव्या बेअरिंगचे आयुष्य संपू शकते आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

पुणे परिसरात हा प्रश्न दुचाकींच्या रूपाने घरोघरी पोहोचला. १९७२ मध्ये बजाजची चेतक स्कूटर आणि कायनेटिकची लुना ही मोपेड बाजारात आली. या प्रकारच्या दोन-स्ट्रोक इंजिनांत क्रँकशाफ्ट अखंड नसून दाबून जोडलेल्या भागांचा असतो. तो ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये गोळ्यांच्या बेअरिंगांवर फिरतो. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ५२ मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे घर १०० अंश सेल्सिअसने तापविले तर त्याचा व्यास सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढतो आणि थंड बेअरिंग हाताच्या दाबाने आत जाते. त्याचप्रमाणे २५ मिलिमीटर छिद्राचे बेअरिंग ८० अंशांनी तापविल्यास छिद्र सुमारे ०.०२४ मिलिमीटरने मोठे होते आणि शाफ्टवर सहज सरकते. सामान्य बेअरिंग सुमारे १२० अंशांपेक्षा अधिक तापवावयाचे नसते, अन्यथा पोलादाचे गुणधर्म बिघडू लागतात. म्हणून थेट ज्योतीऐवजी स्वच्छ तेलात किंवा नियंत्रित उष्णतेवर ते तापविणे इष्ट मानले गेले. कारागिराच्या सामग्रीत हातोड्याची जागा अशा रीतीने उष्णतेने घेतली.

याशिवाय दोन बाबी महत्त्वाच्या ठरल्या. घट्ट बसविल्यावर आतली कडी ताणली जाते, बाहेरची आवळली जाते आणि गोळ्यांसाठीची मोकळी जागा कमी होते. त्यामुळे अनेक इंजिनांसाठी मुळातच अधिक मोकळीक असलेली 'सी-३' वर्गाची बेअरिंगे नेमून दिलेली असतात. क्रमांक तोच, माप तेच, म्हणून साधे बेअरिंग बसविले तर इंजिन तापताच ते घट्ट होते. दुसरी बाब जोडलेल्या क्रँकशाफ्टच्या सरळपणाची आहे. त्याची दोन्ही टोके केंद्रांमध्ये धरून डायल गेजने तपासल्याखेरीज तो बसविला तर दोन्ही नवी बेअरिंगे पहिल्या दिवसापासून वाकड्या शाफ्टचा भार सोसतात.

गुणाचा दोष होतो तेव्हा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात साध्या बेअरिंगचेही रूप पालटले. पोलादी पट्टीवर अतिशय पातळ अस्तर असलेली, कारखान्यातच अंतिम मापात तयार झालेली कवचे अमेरिकेत प्रचारात आली. १९३० च्या दशकात टोनी व्हँडरवेल याने परवाना घेऊन त्यांचे उत्पादन इंग्लंडमध्ये सुरू केले. स्वातंत्र्योत्तर काळात भारतात जलद गतीची इंजिने रूढ झाली तेव्हा या कवचांचा प्रसार वाढला. किर्लोस्करांचे ए. व्ही. १ हे ५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते. डर्सलीच्या ५-१ इतकीच शक्ती, पण गती अडीचपट, हा फरक बसविण्याच्या अचूकतेला नवे महत्त्व देणारा होता.

पातळ कवचाचा प्रत्येक अर्धक नेमक्या अर्धवर्तुळाहून किंचित अधिक लांबीचा असतो. दोन्ही अर्धके घरात बसवून बोल्ट आवळले की ही जास्तीची लांबी दबते आणि कवच घराच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळेच ते जागचे हलत नाही आणि त्यातली उष्णता घरामार्फत बाहेर जाते. येथे जुन्या आणि नव्या कौशल्याचा थेट संघर्ष झाला. व्हाइट मेटलच्या परंपरेत वाढलेल्या फिटरला ही जास्तीची कड ओबडधोबड काम वाटण्याचा संभव होता. ती कानशीने घासून समतल करणे, हात चालवून अस्तर खरवडणे किंवा शिम घालून ढिलाई साधणे, हे सर्व त्याच्या लेखी काळजीपूर्वक केलेले काम होते. परंतु कड घासली की कवच घरात सैल होते. अस्तर खरवडले की काही शतांश मिलिमीटर जाडीचा तो थरच नाहीसा होतो. शिम घातला की गोलाकार बिघडतो. मनापासून केलेल्या कामामुळेच बेअरिंग निकामी व्हावे, असा हा प्रकार होता.

डर्सलीच्या बांधणीच्या इंजिनांतही असाच पेच निर्माण झाला. त्यांच्या भारतीय आवृत्त्यांत काही इंजिनांना मेन बेअरिंगसाठी बुश, तर काहींना निमुळती रोलर बेअरिंगे बसविली जात. बेअरिंगच्या घराखाली पॅकिंग दोन्हींत असे, पण त्याचे काम वेगळे होते. बुशच्या इंजिनात पॅकिंगने शाफ्टला आडवा खेळ देणे आवश्यक असते. निमुळत्या रोलरच्या इंजिनात तेच पॅकिंग रोलरांवरील दाब ठरविते. ते कमी घातले तर रोलर आवळले जाऊन तापतात आणि अधिक घातले तर शाफ्ट डोलतो. दोन इंजिने बाहेरून सारखी दिसत असली तरी एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नव्हता.

या संक्रमणाला संस्थात्मक आधार हळूहळू मिळाला. १९४६ मध्ये जयपूर येथे बेअरिंग-निर्मितीचा उद्योग स्थापन झाला. १९६१ मध्ये स्वीडिश कंपनीच्या सहभागातून असोसिएटेड बेअरिंग कंपनीची स्थापना झाली आणि तिचा कारखाना पुण्याजवळ चिंचवड येथे उभा राहिला. भारत सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा संमत झाला. १९५६ च्या वजन-मापे कायद्याने मेट्रिक पद्धतीचा मार्ग मोकळा केला. तरीही इंचांतील इंजिने शेतांवर चालूच राहिली. गोळ्यांची बहुतेक बेअरिंगे मात्र मिलिमीटरमध्ये मोजली जात. परिणामी एकाच कारागिराला 'थाऊ' आणि 'मायक्रॉन' अशा दोन भाषांत विचार करावा लागला. मुद्रित सूचना बहुधा इंग्रजीत असल्याने, 'काय करू नये' हे ज्ञान अनेकांपर्यंत वाया गेलेल्या भागांच्या रूपानेच पोहोचले असणार. त्या शिक्षणाचे शुल्क बहुतांशी ग्राहकाने, म्हणजे शेतकऱ्याने व स्कूटरस्वाराने भरले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. बेअरिंगच्या सुधारणेबरोबर फिटरचे कौशल्य नष्ट झाले, असे म्हणणे योग्य होणार नाही. ते आकार देण्याकडून मापन, स्वच्छता आणि संयम यांकडे सरकले. व्हाइट मेटलच्या काळात कारागीर बेअरिंग घडवीत होता. तयार बेअरिंगच्या काळात ते न बिघडविता बसविणे, हे त्याचे काम झाले. दुसरे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते आणि त्याची मजुरीही सोप्या कामासारखी दिली जाते. वस्तुतः नवे बेअरिंग अखेरच्या क्षणापर्यंत वेष्टनातून न काढणे, घर धुऊन तेलाची छिद्रे मोकळी करणे, शाफ्ट तीन-चार ठिकाणी मोजणे, बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळणे आणि इंजिन प्रथम सुरू करण्यापूर्वी बेअरिंगांना तेल देणे, या प्रत्येक कृतीमागे दीडशे वर्षांत मिळविलेले ज्ञान आहे.

दुसरा निष्कर्ष प्रशिक्षणाविषयीचा आहे. कौशल्य केवळ हाताच्या सवयीच्या रूपाने शिकविले तर तंत्र बदलताच ती सवय घातक ठरू शकते. शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो, गोळी मार्गिकेत खळगा पाडते, कवच दाबामुळे घराला चिकटते, ही कारणे ज्याला समजली तो कारागीर नव्या बेअरिंगसमोरही चुकत नाही. कारणांसहित दिलेले शिक्षण मराठीतून उपलब्ध असणे, ही त्यामुळे भाषाप्रेमापुरती बाब राहत नाही. तिचा संबंध ग्रामीण अर्थव्यवहाराशी आहे.

तिसरा मुद्दा इतिहासलेखनाचा आहे. सिंचनाच्या इतिहासात इंजिनांची संख्या मोजली जाते, परंतु त्यांपैकी किती इंजिने चालू स्थितीत होती, हे दुरुस्तीच्या दर्जावर अवलंबून असते. कोल्हापूर, सातारा, पुणे येथील यंत्रशाळांच्या हिशेबवह्या, सुट्या भागांच्या पावत्या आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणी ही या इतिहासाची साधने होत. ही पिढी आता वयोवृद्ध झाली आहे आणि मंदगती इंजिनांची जागा बहुतेक ठिकाणी विजेच्या पंपांनी घेतली आहे. महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र व विज्ञान विभागांनी एकत्र येऊन आपापल्या तालुक्यातील अशा यंत्रशाळांच्या मौखिक व लिखित नोंदींचे संकलन हाती घेतल्यास प्रादेशिक इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.